न वाजलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. मैदानाच्या टोकाला गोलामागे ज्या बाकावर तुम्ही पाय हलवत बसता ना, त्या बाकाची फळी. पण माझा जन्म काही बसण्यासाठी झाला नव्हता. तो झाला मार खाण्यासाठी!

हॉकीचा गोल तुम्ही पाहिला असेल. दोन खांब, वर आडवा दांडा, मागे जाळी. त्या जाळीच्या तळाशी, जमिनीलगत, एक लाकडी फळी असते. चेंडू गोलात शिरला की तिच्यावर आदळतो आणि ‘ठक्’ असा आवाज होतो. सुताराने आम्हा दोघी बहिणींना एकाच खोडातून कापले, रंधा मारला, रंग दिला. मला मैदानाच्या या टोकाला बसवले, तिला त्या टोकाला. जन्मभर समोरासमोर, पण भेट नाही. तिचा ‘ठक्’ ऐकला की मी मनात म्हणे, सोस गं बाई, आज तुझी पाळी!

इथल्या प्रेक्षकांची एक खोड होती. आपला संघ ज्या गोलावर चढाई करील, त्याच गोलामागे ते चटया टाकत. अर्धा सामना झाला, संघांनी बाजू बदलल्या, की चटया काखोटीला मारून दुसऱ्या टोकाला पळत. गोल जवळून बघायचा, एवढाच हट्ट. अपवाद फक्त टेलरमास्तरांचा. त्यांचा गुडघा दुखे, म्हणून ते माझ्यामागे स्टूल टाकत आणि शेवटपर्यंत हलत नसत.

आपल्या संघात तेव्हा एक बचावपटू होता. दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करी, म्हणून सगळे त्याला नळवाला म्हणत. चेंडू खेळवत पळणे त्याला जमत नसे. लांब पास मारला तर तो हमखास रेषेबाहेर. पण सगळे घरी गेले तरी हा गडी माझ्यापुढे वाकून, स्टिक जमिनीला टेकवून, चेंडू अडवायचा सराव करीत राही.

सामन्याआधी माझ्या बाजूला सावली असे. तिथे त्याच्यावरून रोज वाद पेटे.

“मास्तर, हा खेळाडू आहे की खुंटा?” सलूनवाला म्हणे. “जन्मात एक तरी गोल केलाय का त्यानं?”

“तू कधी स्वतःचे केस कापलेस का?” मास्तर विचारत. “ज्याचं काम त्यानं करावं.”

“अहो, पास मारला की चेंडू थेट गटारात!”

“गळती थांबवतो ना? मग झालं तर.”

“गळती लोकांच्या घरी थांबवावी. इथं खेळावं लागतं!”

सगळे खो खो हसत. नळवाला तिथेच बूट बांधत असे. ते ऐकून तो फक्त नाडीची गाठ आणखी घट्ट ओढी.

हंगामाचा शेवटचा सामना आला. प्रशिक्षक त्याला म्हणाले, “आज आधी नव्या बचावपटूला उतरवतो. त्याला चेंडू छान खेळवता येतो. जमलं, तर पुढच्या वर्षी तुझी जागा त्याची.”

नळवाला “बरं” म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

नवा खेळाडू खरेच देखणा खेळला. लोकांनी टाळ्या पिटल्या. पण तो चेंडू घेऊन पुढे धावला की मागे भगदाड पडे. तेव्हा आपला संघ बहिणीचा गोल राखत होता. ती वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. आपल्यासाठी मी एकदाच वाजले. मध्यंतरात प्रशिक्षकांनी मुकाट्याने नळवाल्याला खूण केली.

लोक चटया गोळा करू लागले. मास्तरांनी सलूनवाल्याची बाही धरली. “आज थांब. एकदा इथून बघ, मग काय बोलायचं ते बोल.”

“आणि तिकडे गोल झाला तर?”

“तर आरडाओरडा इथवर येतो. बस!”

तो कुरकुरत बसला.

मित्रांनो, मग मी जे पाहिले ते सांगते. समोरचे आले की नळवाला अंगावर धावून जात नसे. तो त्यांना हळूहळू कडेला रेटत नेई, जिथून गोल दिसतच नाही. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलासमोरून थेट जोरदार फटका येतो तेव्हा, तो सरळ चेंडूच्या वाटेत धावला. मोठा आवाज झाला. माझा नव्हे, त्याच्या नडगीचा.

“आई गं!” सलूनवाल्याने स्वतःचीच नडगी धरली. “हे तिकडून दिसतच नाही हो!”

“मग इतकी वर्षं मी काय घसा कोरडा करतोय?”

शेवटी एक चेंडू गोलरक्षकालाही चुकवून आला. मी अंग आवळून घेतले. तेवढ्यात नळवाला आडवा पडला आणि त्याच्या स्टिकने चेंडू रेषेवरच धरला. मी वाजले नाही.

बहीणही वाजली नाही. आपण एका गोलाने हरलो. पण प्रशिक्षक त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी दोघंही खेळाल. तो पुढे, तू मागे. आणि त्याला अडवायला शिकव.”

“बरं,” नळवाला म्हणाला आणि लंगडत पाणी प्यायला गेला.

“पास मात्र भिकार मारतो,” सलूनवाला पुटपुटला, “ते मी बोलणारच. पण त्याला काढायचं नाव काढलं, तर माझ्याशी गाठ आहे!”

पुढे लोखंडी गोल आले. आम्हा बहिणींना भिंतीकडेला टाकून दिले. ती पावसात कुजून गेली. मलाही वाळवी लागू लागली होती. एके दिवशी नळवाला आला. केस पिकलेले, चाल तीच. त्याने माझा किडका भाग कापला, तेल पाजले, जुन्या पाइपांचे पाय केले आणि ते गोलामागे सिमेंटमध्ये पक्के रोवले.

“मास्तरांची जागा,” एवढेच तो म्हणाला.

मुलांनो, माझ्यावर नावे कोरू नका. पाणी साचले तर पुसा, वर्षातून एकदा तेल द्या, म्हणजे तुमच्या मुलांनाही मी बसवून घेईन. वादही खुशाल घाला. फक्त अर्धा सामना झाला आणि सगळे चटया घेऊन पळाले, तरी तुम्ही बसून राहा. गोलातली फळी वाजते तेव्हा सगळ्या गावाला कळते. ती का वाजली नाही, ते मात्र इथे बसूनच कळते.