‘नको’चं बटण

“साहेब, तो एक म्हणजे मी.”

पडद्यावरच्या आकड्यावर ठेवलेलं बोट साहेबांनी उचललं नाही. “आणि हा दुसरा?”

“तोही मीच. फोनवरून.”

आमची कंपनी कपडे धुण्याची यंत्रं विकते. मी तिची वेबसाइट सांभाळतो, आणि तिच्यावरचं मदतीचं पान लिहितो. यंत्र नाचत नाचत दारापर्यंत आलं तर काय करावं, एकच मोजा परत आला तर दुसरा कुठे शोधावा, वगैरे. माझ्या आयुष्यातलं एकूण लेखन हेच. साहेबांच्या मते ते कुणी वाचत नव्हतं. म्हणून वाचक मोजणारी लायब्ररी बसवायची, आणि वाचक नसतील तर पान काढायचं, असं ठरलं. माझ्या पानाचा फास मीच वळायचा होता.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तयार कोड. आपण फक्त जोडायचा. या ‘फक्त’नं माझा अख्खा आठवडा खाल्ला. आधी तिनं काहीच मोजलं नाही. मग तिनं एकेकाला दोनदा मोजलं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मी दुरुस्ती केल्यावर चहाही बंद झाला.

शिवाय मोजण्याआधी लोकांची परवानगी घ्यावी लागते. साहेब म्हणाले, “साध्या भाषेत लिही.” मी लिहिलं, ‘तुम्ही इथे काय करता ते आम्हाला बघायचं आहे. चालेल का?’ खाली दोन बटणं. ‘हो’ आणि ‘नको’.

तेव्हापासून आकड्यात मी एकटाच राहत होतो.

“उद्या काढून टाक पान,” साहेब म्हणाले.

घरी आलो तर बाबा स्वयंपाकघरात फोन नाकाला लावून बसले होते. पडद्यावर माझं पान. आमच्याकडे धुण्याचं यंत्र नाही. बाबा स्वतःचे कपडे स्वतः बादलीत धुतात आणि दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

“बाबा, हे तुम्ही कशाला वाचताय?”

“रोज वाचतो. मोज्याचं बरं लिहिलंयस.” माझी एवढी स्तुती त्यांनी दहावीच्या निकालालाही केली नव्हती. “पण हे मेले रोज विचारतात, बघू का म्हणून. मी रोज ‘नको’ दाबतो.”

“रोज?”

“मग? माणूस वाचत असताना वरून डोकावायचं म्हणजे काय? विचारलं ते बरं केलं. सांगितलं, नको.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ‘नको’ म्हणणाऱ्याला लायब्ररी मोजतच नाही. ती सोय मीच मन लावून केली होती.

सकाळी धावत साहेबांकडे गेलो. “साहेब, लोक येतात! पण ‘नको’ म्हणतात.”

“किती जण?”

“ते कसं सांगणार? नको म्हणालेत ना.”

साहेबांनी डोळे मिटले. मग उघडून समजुतीनं म्हणाले, “अरे, मग ‘नको’चं बटणच काढ. नुसतं ‘हो’ ठेव. आकडा दिसला की पान राहील.”

काम दोन ओळींचं होतं. मी जागेवर बसलो, त्या दोन ओळी निवडल्या. आठवडाभर एकही गोष्ट धड चालली नव्हती. ही हमखास चालली असती. मला मात्र राहून राहून स्वयंपाकघरात रोज ‘नको’ दाबणारा बाबांचा अंगठा दिसत होता.

दोन ओळी तशाच ठेवल्या आणि पान काढलं. ते पहिल्या फटक्यात निघालं.

संध्याकाळी बाबा तिथेच बसले होते.

“अरे, तुझं पान उघडत नाहीये.”

“काढलं, बाबा.”

त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला. “मी काही भलतंच दाबलं का रे?”

“नाही. बरोबर दाबलंत.”

पान गेलं तरी परवानगीची पाटी वेबसाइटवर होतीच. ती मोकळ्या पांढऱ्या पडद्यावर वर आली. चालेल का? बाबांनी चष्मा सारखा केला, ‘नको’ दाबलं, आणि तो पांढरा पडदा बराच वेळ वाचत बसले.