थांबणारी माणसं

तेरेसिताने चारुदत्तच्या हातातून झाडू काढून घेतला, जिन्यात नेऊन भिंतीला टेकवला आणि दार लावून घेतलं.

“झाडायचं नाही, कुया.”

त्यांच्या मनिलाकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात. तेरेसिता त्याच्या बायकोच्या, लुझच्या वॉर्डातली नर्स, तिच्याहून सात वर्षांनी लहान. गेली पाच वर्षं दर शुक्रवारी या घरात जेवायची आणि उरलेलं डब्यात भरून न्यायची. त्या हक्काने बोलत होती. बोलणं इंग्रजीत, पण दोघांचंही इंग्रजी आपापल्या गावावरून आलेलं.

“चार दिवस झाले, तेस. पायाखाली वाळू लागतेय.”

“लागू दे. गेलेलं माणूस मातीत जाईपर्यंत घर झाडत नाहीत. झाडलं तर मागोमाग आणखी कोणीतरी जातं.”

“या घरात जायला आता मीच उरलोय.”

“म्हणून तर सांगतेय.”

तो सोफ्याच्या कडेला जाऊन बसला, पाहुण्यासारखा.

लुझ शनिवारी ड्यूटीवर गेली होती. अकराच्या सुमारास एका पेशंटचं सलाईन बदलता बदलता खाली बसली, आणि मेंदूतली शीर फुटलीय हे कळेपर्यंत सगळं संपलं होतं. बेचाळीस वर्षांची. मूलबाळ नाही. जिथे अकरा वर्षं नोकरी केली त्याच खोबरच्या इस्पितळाच्या तळघरात, एका थंड कप्प्यात ती आता होती. तिथून तिला कुठे न्यायचं ते चारुदत्तच्या सहीवर अडलं होतं. जिवंत माणसाला या अरब देशाबाहेर जायला जितके शिक्के लागतात, त्याहून मेलेल्याला चार जास्तच लागतात.

ते शिक्के गोळा करत ताजुद्दीन तीन दिवस फिरत होता. हा चारुदत्तच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, मूळचा माणगावकडचा. आज बुधवार. उद्या-परवा सुट्टी. आज सही झाली तर शनिवारी उघडल्या उघडल्या पहिला नंबर लावतो, असं तो म्हणाला होता. कुठलं विमान लिहू, असं त्याने सकाळी फोनवर विचारलं तेव्हा चारुदत्तने सांगून टाकलं होतं, “मुंबई.”

त्याआधी सांगलीहून थोरल्या बहिणीचा, शीलाताईचा फोन येऊन गेला होता. ताई रडून रडून घोगरी झालेली. “आपल्या घरची सून आहे, चारू. सवाष्ण गेलीय. मी हिरवी साडी आणून ठेवलीय, काठाची. तिच्या रंगाला शोभेल अशी बघून आणली रे.” दुकानदाराला कोणासाठी म्हणून सांगितलं असेल तिने, असं चारुदत्तच्या मनात आलं होतं. मुंबईतून गाडी करायची, सांगलीत पोचायचं, संध्याकाळच्या आत सगळं उरकायचं. तेरेसिताला त्याने हे सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. तिच्या दृष्टीने विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

संध्याकाळची मगरिबची बांग होऊन गेली आणि बायका येऊ लागल्या. एकेक करून, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, काळ्या पायघोळ अबाया घातलेल्या. दाराच्या आत आल्यावर अबाया निघाल्या आणि आतून रोजच्या ओळखीच्या मुली बाहेर आल्या. कोणी ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत. सहा जणी. दोघींचे नवरेही आले होते, ते भिंतीलगत उभे राहिले. ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून भाज्या घालून परतलेल्या शेवया आल्या, तळलेले रोल आले, भाताचं पातेलं आलं. सगळ्यात शेवटी एक चौकोनी खोका आला. त्यात गुलाबी केक होता. एकीने पर्समधून फुगे काढून फुगवायला घेतले.

लुझच्या फोटोपुढे चारुदत्तने वाटीत तेलाचा दिवा लावला होता. तो त्या फुग्यांकडे बघत राहिला.

“हे काय आहे?”

“केक,” तेरेसिता म्हणाली.

“ते दिसतंय मला. कशाला?”

“आज चौथा दिवस. जप करायचा आहे. एवढे लोक एका घरात बसून आपल्या देवाचं नाव घेतात, इथे बंदी असताना, हे पोलिसांपर्यंत गेलं, तर पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्या विमानात. वाढदिवस म्हटलं की निदान विचारणाऱ्याला उत्तर देता येतं.” तिने केकवर मेणबत्त्या खोचल्या. “बेल वाजली की सगळ्यांनी हॅपी बर्थडे म्हणायचं. तूही म्हणायचंस.”

“कोणाचा वाढदिवस?”

“लुझचा. पुढच्या महिन्यात आहेच की. तेवढंच खोटं कमी.”

तो उठून स्वयंपाकघरात गेला. चार दिवस गॅस पेटवला नव्हता त्याने; शेजारून आलेल्या डब्यावर भागवलं होतं. आता तिन्ही बर्नर चालू होते आणि एक मुलगी लुझचा एप्रन घालून शेवया गरम करत होती. हा वास त्याला माहीत होता.

दोन वर्षांपूर्वी लुझचे वडील गेले तेव्हा तो पहिल्यांदा तिच्या गावी गेला. पनाय बेटावरचं समुद्राकाठचं गाव, बांबूच्या भिंतींचं घर. दाराशी रिक्षा थांबली तेव्हा आत कॅराओके चालू होता. बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली काचेची पेटी, पेटीत इस्त्रीच्या शर्टातले सासरे, आणि हाताच्या अंतरावर चार टेबलांवर पत्ते पडत होते. पोरं पेटीला पाठ टेकून शेवया खात होती. फोटोग्राफर आला तेव्हा सगळं कुटुंब पेटीभोवती उभं राहिलं. “चारू, ये, तू पण ये!” कोणीतरी त्याला ओढून नेलं, आणि तो सासऱ्यांच्या पायाशी उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग सुतक आठवून मागच्या नळावर त्याने अंघोळ केली, तर म्हाताऱ्या मावशीने किंचाळून गाव गोळा केलं. मढं घरात असताना अंघोळ? आता दुसरं कोण मरणार?

त्या दिवशी दुपारी तो लुझला म्हणाला होता, “अजून किती दिवस? वास सुटायच्या आत संपवा म्हणावं.”

लुझ आपली प्लेट घेऊन बापाच्या पेटीशेजारी जाऊन बसली.

“नानायने खुर्च्या आणल्यात,” तेरेसिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगत होती. नानाय म्हणजे आई. लुझची आई. “चर्चमधून पन्नास. मला फोन केला होता. पेटी उघडता येईल का, विचारत होती. मी म्हटलं, येईल. चेहऱ्याला काही झालेलं नाही.”

“तेस, मी तिला मुंबईला नेतोय.”

ती जाता जाता मागे वळली. एप्रनवाल्या मुलीने गॅस बारीक केला आणि ती ट्रे उचलून गुपचूप बाहेर गेली.

“का?”

“माझी बायको आहे ती.”

“ते मी विचारलं नाही.”

“एका दिवसात होऊन जाईल. तिचे हाल नाहीत. नऊ दिवस लोकांनी येऊन तिच्याकडे वाकून बघायचं, शेजारी बसून पत्ते कुटायचे, खायचं, गायचं... मला नाही बघवणार.”

तेरेसिताने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत उलगडलं.

“आम्ही तिच्याकडे बघत बसतो असं वाटतं तुला? आम्ही येणाऱ्यांसाठी बसतो, कुया. आमच्याकडे प्रत्येक घरातलं कोणीतरी बाहेर असतं. लुझचा एक भाऊ जहाजावर आहे, बहीण हाँगकाँगला. मालकाने रजा द्यायला तीन दिवस, तिकिटाला दोन, बोटीला एक. सगळे पोचल्याशिवाय झाकण लावत नाहीत. तोपर्यंत एकटं कसं ठेवायचं? आणि जागायचं म्हटलं की पत्ते लागतात, खायला लागतं. नऊ रात्री नुसतं रडून कोण जागं राहतं?” ती थांबली. “तुम्ही तिच्या वडिलांसाठी गेलात तेव्हा कितव्या दिवशी पोचलात?”

“पाचव्या.”

“तरी तिला तात्याय बघायला मिळाले ना?”

मिळाले होते. काच सरकवून तिने त्यांच्या गालावर हात ठेवला होता, बराच वेळ. तेव्हा चारुदत्तचं लक्ष शेवयांकडे होतं.

त्याने नळ सोडला आणि उगीचच एक धुतलेली वाटी पुन्हा धुवायला घेतली. त्याच्याही आधी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, सांगलीत त्याचे वडील, अप्पा, गेले होते. सकाळी अकराला. तो खोबरमधून फोनवर ओरडून सांगत होता, एक्झिटचा शिक्का मिळालाय, उद्या दुपारपर्यंत येतो. सूर्यास्ताच्या आत उरकलेलं बरं, असं मोठ्या माणसांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोघं पोचले तेव्हा ओसरी धुऊन वाळलीही होती. लुझने हातात मोगऱ्याचा हार धरला होता, मुंबईच्या विमानतळाबाहेर घेतलेला. “पापा कुठे आहेत?” तिने विचारलं. अंगणातल्या झाडाला बांधलेल्या मडक्याकडे चारुदत्तनेच बोट दाखवलं. ती मडक्याकडे बघत राहिली आणि मग त्याच्याकडे. “तुझ्यासाठी पण थांबले नाहीत?” एवढंच म्हणाली. भेटायला आलेल्यांना तो तेरा दिवस सांगत होता, बरं झालं वेळेत झालं, हाल नाही झाले. सांगून सांगून ते त्यालाही खरं वाटू लागलं होतं.

वाटी धुऊन झाली. त्याने ती पालथी ठेवली.

बाहेर टीव्हीचा आवाज वाढवून त्याखाली जप सुरू झाला होता. हलका, एका लयीतला, मधमाशांसारखा. तेरेसिता जाऊन सगळ्यांत बसली.

आणि बेल वाजली.

जप कापल्यासारखा थांबला. माळा उशांखाली गेल्या, कोणीतरी काडी ओढून मेणबत्त्या पेटवल्या. चारुदत्तने दार उघडलं तेव्हा त्याच्या पाठीमागे सहा बायका आणि दोन पुरुष जीव तोडून हॅपी बर्थडे गात होते. एकीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती टाळ्या वाजवत होती.

दारात ताजुद्दीन उभा होता. काखेत फाईल. फाईलमध्ये लुझचा मृत्यूचा दाखला.

त्याने फुगे बघितले, केक बघितला. मग पायांतल्या चपलांकडे बघत राहिला.

“साहेब... मी नंतर येऊ काय?”

“नाही, ये. आत ये. आपलाच माणूस आहे,” शेवटचं चारुदत्त मागे वळून इंग्रजीत म्हणाला. गाणं ‘डिअर लुझ’पर्यंत आलं होतं. ते तिथेच विरलं.

ताजुद्दीन सोफ्यावर अंग चोरून बसला. समोर आलेली प्लेट त्याने दोन्ही हातांनी धरली. खावी की नाही ते त्याला कळेना. “वहिनींनी माझ्या लेकीच्या, मुन्नीच्या बाळंतपणाला तीन रात्री काढल्या होत्या,” तो फुग्यांकडे न बघता म्हणाला. “घरी सगळी दुवा करतायत.” मग फाईल उघडून त्याने बोट ठेवलं. “इथं, साहेब. आणि इथं खाली.”

अरबी मजकुराच्या मधोमध मुंबई इंग्रजीत टाईप केलेलं होतं. चारुदत्तने पेनचं टोपण काढलं. खोलीत टीव्हीवरचा माणूस तेवढा बोलत होता. तेरेसिता केकवरच्या मेणबत्त्या एकेक उपटून कागदात गुंडाळत होती; तिने मान वर केली नाही.

“ताजुद्दीन, हे बदलता येईल?”

“काय बदलायचं?”

“मनिला लिहायचं. तिथून पुढे पनाय बेट, गावाचं नाव मी देतो.”

“साहेब, सगळं परत टाईप करावं लागंल. वहिनींच्या देशाच्या वकिलातीतून नवा कागद. शनिवारचा नंबर गेला म्हणा. चार दिवस तरी वाढतील. सहा पण.” त्याने आवाज खाली आणला. “तोवर वहिनी तिथंच राहणार, कप्प्यात. तुम्हीच घाई करत होतात.”

“हो. करत होतो.”

ताजुद्दीनने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, मुंबईवर आडवी रेघ मारली आणि फाईल मिटली. जाताना केकचा तुकडा रुमालात बांधून घेऊन गेला. मराठीतलं बाकी नाही, पण मनिला आणि पनाय तेरेसिताला कळलं होतं. दार लागल्यावर तिने टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला आणि उशीखालची माळ काढली.

चारुदत्तने बेडरूमच्या दाराशी उभं राहून सांगलीला फोन लावला. पहिल्याच रिंगला शीलाताईने उचलला.

“झाली का सही? किती वाजता उतरणार? अरे, गाडीवाला विचारतोय.”

“ताई, ती मुंबईला येत नाही. तिच्या आईकडे नेतोय.”

फोन कट झाला की काय म्हणून त्याने बघितलं.

“आईकडे,” ताई शेवटी म्हणाली. “म्हणजे आम्हाला तोंडसुद्धा बघायला मिळायचं नाही तिचं. अप्पांच्या वेळी तू असाच...” ती अडखळली. “तेव्हा मी सांगत होते रे सगळ्यांना. एक दिवस थांबा म्हणून. बायकांचं कोण ऐकतं.”

हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. चारुदत्तने चौकटीला हात टेकला.

“तू ये ना, ताई. तिथे ये. ते लोक थांबतात. कोणी यायचं असलं की ठेवतात.”

“मी? अरे, मी कोल्हापूरच्या पुढे एकटी कधी गेले? पासपोर्ट तरी आहे का माझ्याकडे? काढायला महिना लागतो म्हणतात.” मग नाक ओढत, भीत भीत, “किती दिवस ठेवतात?”

त्याने फोनवर हात दाबून धरला. जप थांबेपर्यंत वाट बघितली.

“तेस,” त्याने हाक मारली. “माझ्या बहिणीला यायचंय. महिनाभर ठेवता येतं का?”

तेरेसिता हसली नाही. माळेतल्या ज्या मण्यावर होती तो तिने दोन बोटांत धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने आपला मोबाइल शोधू लागली.

“नानायला विचारते,” ती म्हणाली.