ओल्या तळहातांवर मेंदी

माझा नातू ईशान याच्या तळहातांना बारमाही घाम येतो. बाहेर अमेरिकेतल्या या नेपरव्हिलचे बर्फ साचलेले असले तरी वहीचे पान त्याच्या हाताखाली ओले होऊन सुरकुतते. सायंकाळच्या पूजेनंतर मी त्याच्या ओंजळीत पळीभर तीर्थ घालतो, तेवढ्यापुरता त्याचा हात आम्हा सर्वांच्या हातांसारखाच ओला असतो. म्हणूनच की काय, तीर्थाची वेळ तो कधी चुकवीत नसे.

या वर्षी शाळेत व्यायामाच्या तासाला स्क्वेअर डान्स सुरू झाला. मुलामुलींनी हातात हात घेऊन फेर धरायचा. पहिल्याच दिवशी एका मुलाने ईशानचा हात सोडला, आपला हात विजारीला पुसला, आणि वर्ग हसला. शुक्रवारी त्याची जोडीदार वर्गातली सलोनी असणार होती.

“शी इज नाइस, आजोबा. पण हात धरला की तीपण ‘ईऽऊ’ म्हणणार.”

माझी सून नीलांबरी म्हणाली, “बाबा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळालीये. तोवर तुमच्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत काही आहे का, बघा ना.”

स्वेद म्हणजे घाम हा मेदाचा मल, आणि त्याच्या स्तंभनाला, म्हणजे तो रोखायला, कषाय म्हणजे तुरट रस, एवढे शास्त्र मला मुखोद्गत आहे. मी त्याला वाळ्याचे पाणी प्यायला दिले, कोऱ्या चहाच्या गार अर्कात हात बुडवून बसवले. हात काही काळ कोरडे राहत. शाळेचा विषय निघाला की पुन्हा पाझरू लागत.

गुरुवारी सायंकाळी मी मेंदी भिजवली. उन्हाळा बाधला की आमच्याकडे तळपायांना मेंदी थापतात. तिच्याइतके शीतल आणि कषाय असे घरात दुसरे काय होते?

“हा कलर जाईल ना?” ईशानने विचारले.

“जाईल रे, जाईल.”

मेंदीचा गुण माझ्या ध्यानी होता, रंग नव्हता. सकाळी त्याचे तळहात गेरूत बुडवल्यासारखे, ठिकठिकाणी डागाळलेले झाले होते. तो साबणाने घासत राहिला. तेवढ्यात शाळेची बस आली.

दुपारी घरात मी एकटाच असताना फोन वाजला. शाळेतील परिचारिका बोलत होती. हा त्वचारोग तर नाही, तो इतर मुलांना लागणार तर नाही, असे ती सौजन्यानेच विचारीत होती.

“नो, नो. लीफ,” मी म्हणालो. “कूलिंग लीफ.”

“सॉरी, सर?”

मेंदीची संस्कृत नावे जिभेवर आली; इंग्रजी नाव येईना. घाबरून मी मोठ्याने म्हणालो, “फॉर स्वेटिंग! हिज हँड्स, टू मच स्वेटिंग!”

पलीकडून ईशानचा आवाज आला, “आजोबा, डोन्ट टेल देम!”

परिचारिकेने त्याच्या आईला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. तिच्याशी बोलणे होईपर्यंत ईशानला बाकावर बसवून ठेवले.

संध्याकाळी मी भीत भीत विचारले, “सलोनी काही म्हणाली का?”

“तिनंच टीचरला सांगितलं, इट्स जस्ट मेंदी. पण तोवर क्लास संपला होता.” तो बूट काढत राहिला. “मग मला विचारलं, तू का लावलीस? मी हात खिशात घातले.”

त्याचे हात केशरी दिसत होते आणि घामाने चकाकत होते.

पूजा झाली. सर्व व्याधींचा नाश करणारे म्हणून ज्याचा मंत्र मी रोज म्हणतो, ते तीर्थ पळीत घेऊन मी वळलो. ईशान दारात उभा होता, दोन्ही हात हुडीच्या खिशात.

“हात पुढे कर, बाळा.”

“नको, आजोबा.”

“अरे, तीर्थ आहे.”

“मग पळीनंच तोंडात द्या ना.” हात खिशातच ठेवून त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडले.

मंत्र पुटपुटत मी पळी त्याच्या ओठांशी नेली. थोडे तीर्थ त्याच्या हनुवटीवरून ओघळले. ते पुसायलाही त्याने हात बाहेर काढला नाही.