चारशेच्या रिळातला सहदेव

सोनाबाईच्या ओटीवर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. भिवपुरीकडच्या तीन गावांतली माणसं हातातली कामं टाकून आली होती आणि प्रत्येकाला तो फोटो बघायचा होता.

“नीट बघा!” छायानाथ महाराज कागद नाचवत होते. “हा कॅमेरा साधा नाही, यमाच्या दारातून फिरून आलाय! अंधारात जो दिसतो, तोच खरा!”

यमाच्या दारातून आलेल्या त्या कॅमेऱ्याचा पट्टा सुतळीनं बांधलेला होता.

सोनाबाईचा मुलगा सहदेव मण्यार चावून गेला होता. आमच्याकडे रीत आहे. माणूस गेला की ताटात पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी बघतात, कुणाचं पाऊल उमटलं. मुंगी, पाखरू, गाय. ज्याचं पाऊल, त्या जन्माला तो गेला. सहदेवच्या पिठात काहीच उमटलं नाही. म्हातारी त्या कोऱ्या पिठापुढे दोन दिवस बसून राहिली. मग महाराज आले, दारं लावून त्यांनी पिठाचा फोटो काढला, आणि त्यात करड्या ठिपक्यांच्या गर्दीतून एक चेहरा वर आला. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

“डोळं का मिटल्यात त्यानं?” सोनाबाईनं विचारलं.

“घरातली पांढऱ्या पायाची बघवत नाही त्याला. अमावास्येच्या आत सुनेला माहेरी लावून द्या. नात मात्र इथंच ठेवा.”

सून पारू चुलीपाशी उभी होती, दोन वर्षांची लेक कडेवर. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही. कारण तो फोटो कर्जतला माझ्या स्टुडिओत मीच धुतला होता.

दुसऱ्या दिवशी पारू माझ्या दारात उभी. “दादा, तुमीच धुतलात ना? मंग तुमीच सांगा. ते हायत का त्यात?”

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. लाल दिव्याखाली तो चेहरा औषधातून वर येताना मीही पाहिला होता, आणि तेव्हापासून माझ्याच डार्करूममध्ये एकट्यानं जायला नको वाटत होतं. वीस वर्षं फोटो धुणारा माणूस मी!

“मला दिसतो गं,” मी म्हणालो. “तुला?”

“मला नाय दिसत. मला त्यांचं तोंड म्हाईत हाय. तितं नुसतं पीठच होतं ना? मंग नुसत्या भिंतीचा काढून बघा की असाच.”

एवढं साधं मला सुचू नये, याची लाज वाटली.

रिळाच्या डबीवर आकडा असतो. आकडा मोठा, तर रीळ कमी उजेडात चालतं. पण त्यातले चांदीचे कण जाडे असतात, आणि गरम औषधात जास्त वेळ ठेवलं की ते फोटोत ठिपक्यांसारखे उठतात. दारं लावून मी माझ्या नव्यानं रंगवलेल्या भिंतीचे तीन फोटो काढले. पंचवीसच्या रिळावर शटर बराच वेळ उघडं ठेवून, मग शंभरच्या, मग चारशेच्या. महाराजांचं रीळही चारशेचंच होतं, म्हणून चारशेचं त्यांनी मला सांगितलं होतं तसंच धुतलं: औषध गरम, वेळ दुप्पट. मग तिन्हींचा एकेक कोपरा मोठा केला. पंचवीसमध्ये भिंत होती. शंभरमध्ये भिंतीवर बारीक रवा सांडला होता. चारशेमध्ये भिंत उकळत होती, आणि तिच्यातून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी महाराज आणि गावकरी पुन्हा जमले होते, तेव्हा तो तिसरा कागद मी सोनाबाईच्या ओटीवर ठेवला. “कोण दिसतं?”

“माझा आजा!” धाकलू ओरडला. “मिशा बघा रं!”

“नाय, माझी सासू,” जयवंता म्हणाली. “तीच हनुवटी.”

महाराज पुढे सरसावले. “अतृप्त आत्मा आहे. कुणाच्या घरचा?”

“माझ्या घरचा. माझी भिंत आहे ती.”

मी उरलेले दोन कागद शेजारी मांडले आणि आकड्यांची गोष्ट सांगितली. “महाराज, औषध गरम आणि वेळ दुप्पट, हे तुम्हाला यमानं सांगितलं, की कॅमेरा विकणाऱ्यानं?”

ओटी हसली. महाराज कॅमेरा काखोटीला मारून निघाले.

सोनाबाई हसली नाही. “मंग माझा सहदेव कुटंच नाय?”

माझ्यामुळे तिचा मुलगा पुन्हा गेला होता, असं मला वाटलं.

पारूनं लेकीला तिच्या मांडीवर ठेवलं. “मण्यार चावली, ते गेले, आत्याबाई. मी हाय. ही हाय.”

म्हातारी बराच वेळ नातीचं डोकं कुरवाळत राहिली. मग उठली, टोपलीखालचं ताट काढलं आणि पारूच्या हातात दिलं.

“पीठ वाया का घालवायचं? भाकऱ्या टाक.”



तो भिंतीचा फोटो आज माझ्या दुकानाच्या काचेत आहे. माणसं थांबतात, विचारतात, “हे कोण?” मलाही कधी कधी सहदेव दिसतो. दिसू द्या, डोळ्यांना सवयच आहे चेहरे शोधायची. पण दिसलं म्हणून कुणाच्या लेकीसुनेला घराबाहेर काढण्याआधी, एकदा कोऱ्या भिंतीचाही फोटो काढून बघा.