भेलव्याचा धूर

लाकूड ओळखायचं असलं तर मले विचारा. मटणाले धूर द्यायचा म्हणजे खाली धावड्याचा निखारा पाहिजे अन् वरून मोहाच्या वाळल्या फांदीचा धूर. टेंभुर्णी ठिणग्या उडवते. सालई डिंकानं मटण काळं करते. कडुनिंब टाकला तर कुत्रंही तोंड लावत नाई. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात कोणाच्याही घरी लग्न असो का नामकरण, "रंजीताले बलवा" म्हणतात. मी मोठेपणा नाई सांगून राह्यली, खरं ते सांगते.

त्या दिवशी नणंदेच्या सासरचे पाहुणे येणार होते. मंगली, माझी एकुलती एक नणंद, सातव्या महिन्यात माहेरी आली होती, अन् तिची सासू रुखमाबाई दुपारी तिले पाहाले येणार होती. बाई म्हणजे आग्या मोहोळ! मंगलीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तवा या बाईनं साऱ्या सोयऱ्यांत सांगितलं, पोरीनंच काईतरी केलं असल. गिराण लागलं असताना भाजी चिरली असल, नाईतर नको तिथं पाय टाकला असल. तेव्हापासून पोरीची मान खालीच. आता हे दुसरं. घरात आम्ही सारे तिले असं जपत होतो का चुलीतलं लाकूड सरकवाचं तरी माझ्या सासूले, नाईतर मले सांगायचं.

डुकराचं मटण कालपासून चुलीवरच्या बांबूच्या मचाणीवर धुरात होतं. मी बोरिंगवर पाण्याले गेली. दोन गुंड्या भरल्या अन् वापस येत होती, तर वाऱ्यावर वास आला. तिखट. नाकात गेला अन् डोळ्याले पाणी सुटलं. हा माझा धूर नव्हता. गुंड्या तिथंच रस्त्यात ठेवल्या अन् मी पळत सुटली.

घरात धूर दाटला होता. मंगली चुलीपुढं बसून खोकत होती, तोंडाले पदर. मी पदर ओढला तर चेहरा ओळखू येईना. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, ओठ सुजलेले. चुलीत बोटाएवढी एक काडी जळत होती अन् तिच्या टोकाले काळं तेल फसफसून राह्यलं होतं.

भेलवा. तुम्ही बिबा म्हणता तो. अरे देवा! मी चौकटीकडं पाह्यलं. आखाडीच्या सणाले आम्ही दारात भेलव्याची फांदी खोचतो, वाईट वारं घरात येऊ नये म्हणून. वर्षभर ती तिथंच राह्यते, कोणी हात लावत नाई. ती जागा रिकामी होती. अन् या पोरीले भेलवा लहानपणीच उतला होता, तवा आठवडाभर अंग फोडफोड झालं होतं. आता तर धूरच आत गेला होता.

मी तिले बखोट्याले धरून आंगणात ओढलं अन् चुलीवर पाणी ओतलं.

"कोणं टाकली ती फांदी? कोणं?"

माझी सासू सुकरीबाई दारात उभी होती. मंगलीच्या तोंडातून सुं सुं आवाज निघत होता. सासूनं एकदा लेकीकडं पाह्यलं, मग माझ्याकडं.

"मी टाकली," म्हणे.

मग माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, अक्कल गहाण ठेवली का? इतक्या वर्साची बाई तू, तुले भेलवा समजत नाई? पोटातलं एक गेलं ते कमी पडलं का?" आणखी काय काय बोलली, आता सांगायची लाज वाटते. म्हातारी लेकीच्या तोंडाले खोबरेल तेल लावत राह्यली.

माझा नवरा दिनेश कामाले अहेरीले. फोनले टावर नाई. नशीब म्हणा का काई, जंगूभाऊची जीप बाजाराच्या सवाऱ्या घेऊन निघाली होती. मी रस्त्यात आडवीच झाली. लोकांनी मंगलीले पाह्यलं अन् न सांगता उतरले.

जीपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, सासू पायाशी बसली. श्वास घेतला का गळ्यातून शिटीसारखा आवाज, सोडला का तसाच. मधी मधी आवाज बंद व्हायचा अन् माझा जीव जायचा. "भाऊ, हाण ना गाडी!" मी ओरडत होती. जंगूभाऊ म्हणे, "बाई, रस्ता तर पाह्य." पुढं सारे गड्डेच.

मंगलीनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. बोलता येत नव्हतं, तरी ओठ हलवले. "हलत नाई, वहिनी."

मी हात दाबून धरला. गाडीच हलत होती, मले काई समजेना. मी म्हटलं, "झोपलं असल. तू फक्त श्वास घे." खोटं बोलली. मले वाटलं, दवाखान्यात आम्ही दोन जीव नेऊन राह्यलो अन् वापस एकच आणू, नाईतर एकही नाई.

दवाखान्यात त्यांनी सुया टोचल्या, नाकातोंडावर हवेचा मास्क लावला. मग नर्सनं पोटावर मशीन ठेवली. नुसती खरखर. मशीन डावीकडं सरकवली, खाली सरकवली. खरखरच. सासू भिंतीले टेकून खाली बसली, पेरसापेन, पेरसापेन, असा आमच्या देवाचा धावा करत. मग एकदम आवाज आला. टकटक, टकटक, भलत्याच घाईत. नर्स हसली तवा मले समजलं का हे चांगलं आहे. मी तिथंच भोकाड पसरलं.

सासू बाहेर पाणी प्यायले गेली तवा मंगलीनं मास्क बाजूले केला. आवाज घोगरा झाला होता.

"आईनं नाई टाकली, वहिनी. मी टाकली. चूल विझून राह्यली होती, धावड्याचं लाकूड पेट घेईना. मटण खराब झालं असतं अन् माझी सासू बोलली असती. बारीक वाळली काडी तेवढीच दिसली."

"अवं, पण भेलवा होता ना तो!"

"दारातली होती ना. लहानपणापासून पाह्यते. ते झाड आहे, हे ध्यानातच नाई आलं. वाटलं, घर राखणारी आहे, मले काय करणार."

आंगणातून आत येताना म्हातारीनं रिकामी चौकट पाह्यली अन् सारं ओळखलं होतं. लेकीच्या सासूच्या कानावर जाईल, राखणीची फांदी पोटुशीनं जाळली, मग त्या लेकराले साधा ताप आला तरी बोट हिच्यावरच. म्हणून माझ्या तोंडाचे जोडे तिनं गपचूप खाल्ले.

तेवढ्यात वऱ्हांड्यातून रुखमाबाईचा आवाज आला. गावात कोणीतरी सांगितलंच होतं. आत आली, सुनेचं तोंड पाह्यलं अन् कपाळावर हात मारला.

"दारातली फांदी जाळली म्हणे! कोणं केलं हे पाप?"

मंगलीनं डोळे मिटले, अंग आकसून घेतलं. दारात माझी सासू आली होती, तिनं तोंड उघडलंच होतं.

"मी जाळली," मी म्हटलं.

रुखमाबाई माझ्याकडं फिरली. "तू? लाकडं निवडाले तर तुले गावोगाव बलवतात."

"हो. चुकली."

"थू तुह्या निवडण्यावर. याद राख, माझ्या नातवाच्या तोंडाले तुह्या हातचा घास मी कधी लागू देणार नाई. अन् साऱ्या मुलखात सांगते मी."

"सांग ना बाई," मी म्हटलं. "घासही नको देऊ. पण तुह्या नातवाले येऊ दे."