दुसरा अर्धा कप

ग्राहकांना वर्षअखेरीला डायरी देणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो, आणि त्यातला पहिला माणूस माझ्याच घरात आहे. माझा दादा. वडिलांनी सुरू केलेला धंदा आम्ही दोघं चालवतो. कृत्रिम दात आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबना लागणारं मेण, प्लास्टर, घासायचे दगड असलं सगळं आम्ही पुरवतो. माल आणि टेम्पो दादाकडे, माणसं माझ्याकडे. ही वाटणी वडिलांनीच करून ठेवली, कारण दादा बोलायला लागला की समोरचा घड्याळ बघतो आणि मी मालाला हात लावला की काहीतरी सांडतं.

बावीस वर्षं आमच्याकडून चौदा लॅबना चौदा डायऱ्या जायच्या. करड्या रंगाच्या, वर आमचं नाव. यंदा मी हट्टच धरला. म्हटलं, जी माणसं वर्षानुवर्षं आपल्याला धरून आहेत, त्यांना एकदा तरी कळू दे की आपलं त्यांच्याकडे लक्ष आहे. दादा म्हणाला, लक्ष असणं वेगळं आणि ते दाखवणं वेगळं. मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. दादाचं शहाणपण बहुतेक वेळा आळसातून येतं असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

लक्ष ठेवण्यात मात्र माझा हात कोणी धरणार नाही. मला एका जागी बसवत नाही, लहानपणापासून. कुठल्याही लॅबमध्ये गेले की मी उभ्या उभ्या बोलते, उभ्या उभ्या बघते आणि गाडीत येऊन सगळं वहीत टिपते. कोणाचा चष्मा रोज हरवतो, कोणाला चार वाजेपर्यंत डबा उघडायला फुरसत मिळत नाही, कोणाच्या टाचा दुखतात. त्या वहीवरून मी भेटी ठरवल्या. चष्मा हरवणाऱ्याला गळ्यात अडकवायची दोरी, गार जेवणाऱ्या बाईंना अन्न गरम ठेवणारा डबा, टाचा दुखणाऱ्याला पायाखाली घालायची जाड चटई. महिनाभर दुकानं पालथी घातली. प्रत्येक खोक्यात माझ्या हाताने लिहिलेलं कार्ड घातलं. खोकी बांधून झाल्यावर मी स्वतःवरच इतकी खूश होते की दादाला दोनदा चहा करून दिला.

सगळ्यात जास्त जीव ओतला होता तो एका कपात. आमच्या सगळ्यात जुन्या लॅबमध्ये मास्तर आहेत. समोरचे दात मेणात कोरावेत ते मास्तरांनीच, असं त्यांच्याकडेच नाही तर इतर लॅबमध्येही म्हणतात. तिथल्या बाराही जणांना त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. मागे एकदा मी पावतीवर सही घ्यायला गेले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून सही केली. तेव्हापासून मी नजर ठेवली. किल्ली कुलपात घालताना दोनदा चुकायची. काम नसलं की उजवा हात एप्रनच्या खिशात. मी कोणाजवळ बोलले नाही. वहीत मात्र लिहिलं, मास्तरांचा हात थरथरतो. त्याच पानावर खाली आणखी एक नोंद होती. कप नवे आणले आहेत, जाडजूड आणि बेढब. चहाही अर्धाच देतात. काटकसर सुरू झालेली दिसते.

मातीची भांडी करणाऱ्या एका बाईकडून मी मास्तरांसाठी खास कप करून घेतला. बूड रुंद, दोन्ही बाजूंना कान, वजन असं की धक्का लागला तरी कलंडणार नाही. मनासारखा होईपर्यंत तिला तीनदा करायला लावला. कार्डावर लिहिलं, "मास्तर, हात थरथरला तरी चहा सांडू नये म्हणून. काळजी घ्या." हे वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते. आता ते आठवलं की स्वतःचा कान पिळावासा वाटतो.

सकाळी दादा टेम्पो घेऊन खोकी वाटून आला. दुपारी जेवता जेवता त्याने सहज सांगितलं की मास्तरांच्या लॅबमध्ये यंदा नवी टूम निघाली आहे. मालकाचा हुकूम आहे, कोणाच्या नावाने आलेली भेट कोणी एकट्याने घ्यायची नाही. सगळी खोकी मोठ्या टेबलावर मांडायची, चार वाजता सगळ्यांसमोर उघडायची, आत जे लिहिलंय ते वाचून दाखवायचं आणि मग चिठ्ठ्या टाकून वाटायची. मालक स्वतः येणार आहे.

माझा घास हातातच राहिला. मालक मला माहीत होता. वर्षातून चारदा येतो, कामं बघतो आणि कोणाचा हात चालेनासा झाला की त्याला तोंडभर गोड बोलून घरी पाठवतो. मास्तरांचा हात म्हणजे मास्तर. आणि त्या हाताचं गुपित मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून, फीत बांधून, मालकासमोर वाचायला पाठवलं होतं.

दादाला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण तो फक्त पाणी प्यायला आणि म्हणाला, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. किल्ली खुंटीला आहे. डिकीत डायऱ्या आहेत, लागली तर घे."

म्हणजे माझ्या नाकावर टिच्चून त्याने डायऱ्या छापून घेतल्याच होत्या. भांडायला वेळ नव्हता.

एरवी वीस मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी प्रत्येक सिग्नल माझी वाट बघत लाल होऊन उभा होता. तीनदा फोन काढला आणि तीनदा ठेवला. सांगणार काय? अमुक एक खोकं उघडू नका म्हटलं की तेच आधी उघडतात. एका वळणावर पुढची गाडी वळावं की नाही या विचारात थांबली, तेव्हा मी काच खाली करून त्या अनोळखी माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी वर मान करून सगळ्यांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा कसा होईल, एवढंच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

पोहोचले तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती. मालकाची गाडी दारात. आतल्या काचेआड तो कोणाशी तरी बोलत होता. मोठ्या टेबलावर खोकी मांडलेली. मी नजर फिरवली. आमचं नव्हतं. पुन्हा बघितलं, तरी नव्हतं.

लॅबची आवकजावक सांभाळणाऱ्या काकू कोपऱ्यातल्या टेबलाशी यादी करत बसल्या होत्या. तीस वर्षं तिथे आहेत आणि त्यांना न विचारता तिथे टाचणीही हलत नाही. त्यांनी मला बघितलं, यादी मिटली आणि प्लास्टरच्या गोण्या ठेवायच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग. दार लोटून त्यांनी एका गोणीमागून आमचं खोकं काढलं. फीत सोडलेली होती.

"यादीसाठी मी आधी उघडून बघते," त्या म्हणाल्या. "नशीब म्हणायचं."

माझ्या जिवात जीव आला. मी त्यांचे हातच धरले. म्हटलं, काकू, माझं चुकलं, तुम्ही वाचलंत ते कोणाला कळू देऊ नका, मास्तरांचं हे मला एकटीलाच माहीत आहे.

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेतल्या वर्गात पहिल्या आलेल्या पण मंद मुलीकडे बघावं.

"एकटीला?" त्या हळूच म्हणाल्या. "अगं, आम्हा बाराही जणांना माहीत आहे. वर्ष झालं. ते घरी गेले की त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या दोघी बसतात आणि त्यांनी कोरलेले दात पुन्हा नीट करतात. एकही काम परत आलेलं नाही. मास्तरांना वाटतं, हात थोडा हलतो, पण काम अजून आपलंच आहे. त्यांना कळलं की आम्हाला कळलंय, तर त्याच दिवशी एप्रन काढून ठेवतील."

खोक्यातला कप दोन कान ताठ करून माझ्याकडे बघत होता.

"आणि कप आमच्याकडे आहेत," काकू म्हणाल्या. "एकट्या त्यांचा बदलला असता तर त्यांनी ओळखलं असतं. म्हणून सगळ्यांचेच बदलले. जाड बुडाचे, मोठ्या कानाचे. दिसायला वाईट आहेत, पण कलंडत नाहीत."

मी विचारलं, "आणि चहा अर्धा?"

"भरलेला सांडतो. म्हणून सगळ्यांनाच अर्धा. दहा मिनिटांनी दुसरा अर्धा येतो." मग त्या हसल्या. "तुला कुठून माहीत असणार? तू थांबतेस कुठे?"

मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. वहीतली ती ओळ, काटकसर सुरू झालेली दिसते, माझ्या अक्षरात डोळ्यांसमोर उभी राहिली. बारा माणसं वर्षभर एका माणसाला रोज भेट देत होती आणि ती त्याला दिसू देत नव्हती. मी एकदाच देणार होते, आणि तीही त्याला दिसावी म्हणूनच.

मी कप आणि ते कार्ड पिशवीत टाकलं, गाडीकडे पळाले आणि एक करडी डायरी आणून खोक्यात घातली. काकूंनी फीत पुन्हा बांधली. माझ्यापेक्षा चांगली बांधली.

चार वाजता सगळे टेबलाभोवती जमले. मालक खुर्चीवर, मास्तर भिंतीला टेकून, उजवा हात खिशात. काकू एकेक खोकं उघडून वाचत होत्या. कोणाचा पेनांचा संच, कोणाचं भिंतीवरचं घड्याळ. आमचं आलं, तसं त्यांनी डायरी वर धरली आणि आमचं नाव वाचलं. कोणीतरी खुसकन हसलं. मास्तर मान हलवत माझ्याकडे वळले. ते मला परकरात असल्यापासून ओळखतात, त्यामुळे बोलायला त्यांना कोणाची भीड नाही.

"यंदाही डायरीच?" ते म्हणाले. "तुझ्या दादाचं ठीक आहे. पण तू एवढी इकडेतिकडे बघत असतेस, मला वाटलं होतं, तू तरी माणसाचा विचार करून काही देशील."

एरवी मला कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याला वही काढून दाखवली असती. पिशवीतला तो कप माझ्या खांद्याला दगडासारखा लोंबत होता. टेबलापलीकडून काकू बघत होत्या, शेजारच्या दोघी बघत होत्या.

"डोक्यातच आलं नाही, मास्तर," मी म्हटलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघ."

मग चहा आला. जाड, बेढब कप, अर्धे भरलेले. मास्तरांनी खिशातून हात काढला आणि कप उचलला. त्या क्षणी खोलीतले सगळेजण एकदम दुसरीकडे बघायला लागले. कोणी खिडकीकडे, कोणी यादीकडे, एकीने तर मालकाला मुद्दाम काहीतरी विचारून त्याची मान वळवली. मीही माझ्या कपात बघत राहिले. माझा चहा संपला. पाय दाराकडे ओढ घेत होते, गाडी रस्त्यात आडवी लावली होती, दादाचे दोन फोन येऊन गेले होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा अर्धा कप येईपर्यंत बसून राहिले.