साहेबांसाठी उपसलेली विहीर

सविताने अकरा महिने अर्ज केले, तेव्हा कुठे पाणी तपासणारे साहेब यायला कबूल झाले. सणसवाडीच्या कंपन्यांमागे ओढ्याकाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. त्यांच्या संडास-मोऱ्यांचं पाणी ओढ्यात सुटलं आणि झिरपत तिच्या विहिरीत आलं. काळपट पाणी, वर फेस, वास असा की म्हैससुद्धा तोंड फिरवायची. नमुना नापास झाला तरच ते सांडपाणी बंद करायचा हुकूम निघणार होता. सगळी भिस्त नमुन्याच्या त्या एका बाटलीवर होती.

नेमका तेव्हाच दौंडला भावाचा साखरपुडा निघाला. जाताना तिने सासऱ्यांना, हौसरावांना, दहादा बजावलं. "आबा, सोमवारी सायेब येणार हायेत. मी सकाळच्या गाडीनं येतेच. आधी आले तर ईहीर दाखवा."

"दाखवतो की. एवढं कळत न्हाई व्हय मला?"

सोमवारी ती पोचली तेव्हा साहेबांची जीप दारात होती. अंगणात सडा, विहिरीच्या कठड्याला ताजा चुना. वाकून पाहिलं, तर तळाचा दगड दिसेल इतकं निवळ पाणी. साहेब बाटलीला सील लावत होते.

"आबा, काय केलंत हे?"

"काल दिवसभर मोटर लावून उपसली, गाळ काढला," हौसराव कौतुकाने म्हणाले. "मोठा मानूस दारात येतो, त्येला घाण दाखवायची व्हय? आन् सकाळी टँकर ओतला. बबनरावांनी फुकट धाडला. लई चांगला मानूस."

बबनराव म्हणजे त्या खोल्यांचे मालक. सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, हे टँकरचं पाणी हाय. आमचं न्हाई."

"विहिरीतूनच घेतलंय ना? पंचनाम्यावर यांची सही आहे. पुन्हा हवं तर नवा अर्ज करा, ताई."

हौसरावांनी विकतच्या पाण्याच्या जारमधून तांब्या भरून साहेबांपुढे धरला.

"विहीर इतकी चांगली, मग जार कशाला?"

"छ्या, ईहिरीचं कोन पितंय सायेब? वास मारतं."

साहेबांनी तांब्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि जीपमध्ये बसले.

सविताला ओरडावंसं वाटत होतं. पण सत्तरीतल्या त्या माणसाच्या कोपरांवर अजून गाळ वाळलेला होता. तिने राग गिळला. तो काही केल्या पोटात जाईना.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. विहिरीवर तोवर पहिल्यासारखाच फेस धरला होता. सविताने कागद मोठ्याने वाचला, "पाणी पिण्यास योग्य."

हौसरावांनी कठड्यावरून वाकून फेस पाहिला. मग हळूच म्हणाले, "आता बोलाव की सायबाला. आता हात लावत न्हाई मी."

सविताने नव्या अर्जासाठी कागद घेतला. पहिल्या ओळीत विहीर कुणाची ते लिहायचं होतं. तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि अहवालाकडे पाहिलं. तिथेही तेच नाव होतं, आणि त्याखाली तीन शब्द.